परवाना आधी, सर्व्हर मग : प्रस्तावना

५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल दिला. मुंबईची कंपनी आणि आंध्रचे विक्रीकर खाते यांच्यातले हे भांडण वरवर पाहता कराचे होते. टीसीएस स्वतः लिहिलेल्या प्रणालींबरोबर ओरॅकल, लोटस अशी दुसऱ्यांची तयार, पाकीटबंद सॉफ्टवेअरेही ग्राहकांना देत असे. राज्याने त्यावर १९५७ च्या आपल्या सामान्य विक्रीकर कायद्याखाली कर लावला. कंपनीचे म्हणणे असे की आम्ही वस्तू विकतच नाही, ग्राहकाला मिळते ती बौद्धिक संपदा, आणि तिला हात लावता येत नाही. न्यायालयाने ते मानले नाही. पुस्तक असो, कॅसेट असो की चकती, बुद्धीचे काम एकदा माध्यमावर उतरवून बाजारात आणले की ती वस्तू, असा निर्वाळा दिला गेला.

सोळा वर्षांनी, २ मार्च २०२१ रोजी, इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या प्रकरणात त्याच न्यायालयापुढे प्रश्न आला तो आयकराचा. परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरचे पैसे दिले तर ते स्वामित्वधन होते का? न्यायालय म्हणाले, नाही. वापरकर्त्याच्या करारातून ग्राहकाला कॉपीराइटमधला कोणताही हिस्सा मिळत नाही. त्याला मिळते एक प्रत आणि ती चालवण्याची मुभा. दोन्ही निकाल एकापाठोपाठ वाचले की सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याची खरी जागा कळते. विक्रीकरापुरता तो वस्तूचा मालक, पण त्या वस्तूचे काय करता येईल हे ठरवणारा भलताच कोणी.

सर्व्हरवरच्या पुस्तकाची प्रस्तावना न्यायालयातून सुरू करण्याला कारण आहे. परवाना म्हणजे वकिलाने किंवा हिशोबनिसाने बघायची बाब, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सर्व्हर बसवायला आलेला मुलगा म्हणतो, कागदाचे तुम्ही बघा, मला फक्त आयपी सांगा. प्रत्यक्षात परवाना सर्वांत आधी त्याच्याच कामात आडवा येतो. पॅकेज एका आज्ञेत उतरेल की कंपनीच्या संकेतस्थळावर नाव-पत्ता भरून आणावे लागेल, उद्या यंत्र बदलले तर तेच सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर नेता येईल का, सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे आणि कोणाकडून येतील, यातले बरेचसे परवान्याच्या मजकुरातच ठरलेले असते. वैशिष्ट्यांचे तक्ते, वेगाच्या चाचण्या हे सगळे त्यानंतर.

मी बरकतपुऱ्यात राहतो आणि इथल्या लहान कार्यालयांचे सर्व्हर सांभाळतो. भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय याच भागात असल्यामुळे चमनच्या आसपास पीएफचे काम करून देणारे सल्लागार पुष्कळ. त्यांच्या जोडीला सनदी लेखापाल, दवाखाने, रक्त-लघवी तपासणारी केंद्रे, शिकवण्या. जवळपास प्रत्येकाच्या पोटमाळ्यावर किंवा जिन्याखाली एक डबा रात्रंदिवस गुरगुरत असतो. डबा येतो सिकंदराबादच्या पार्कलेनवरून, चिनॉय ट्रेड सेंटरमधून; त्याला सगळे सीटीसीच म्हणतात. बसवणारा मुलगा अमीरपेठेतला क्लास करून आलेला. अशी कितीतरी मुले नांदेड-परभणीकडून येऊन काचीगुड्याला उतरलेली असतात, आणि घरी मराठीत बोलतात. सॉफ्टवेअर मात्र कोणी निवडत नाही. शेजारच्या कार्यालयात जे चालते ते इथेही बसते.

या निवडीची किंमत एकदा बारकाईने मांडून पाहण्यासारखी आहे. लेखापालाचे कार्यालय धरा. अठरा माणसे, एक सर्व्हर, त्यात आठ कोरचा एक प्रोसेसर. विंडोज सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून परवाना कोरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान सोळा कोरचे परवाने घ्यावेच लागतात. म्हणजे यंत्रात नसलेल्या आठ कोरचेही पैसे. त्यावर माणशी किंवा यंत्रामागे एक कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना. मार्चअखेरीस मुले घरून रिमोट डेस्कटॉपने काम करणार असतील तर त्याचे कॅल वेगळे. एसेन्शियल्स ही धाकटी आवृत्ती घेतली तर २५ वापरकर्ते आणि ५० यंत्रांपर्यंत साधे कॅल लागत नाही. सव्विसावा माणूस कामावर ठेवला की हिशोब पहिल्यापासून. टॅली असतेच. ती सिल्व्हर असेल तर एका वेळी एकच जण, सगळ्यांना हवी तर गोल्ड. प्रोग्राम तोच, फरक परवान्यात. एखाद्या पॅकेजला एसक्यूएल सर्व्हर लागत असेल तर फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती आहे, पण २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिच्यात एका डेटाबेसची मर्यादा १० जीबी होती. तपासणी केंद्राचा डेटाबेस ती मर्यादा गाठतो तेव्हा तो बंद पडत नाही, फक्त नवी नोंद घेईनासा होतो. सकाळी रिकाम्या पोटी आलेल्यांची रांग लागलेली असते आणि पावती निघत नाही.

यात फसवणूक कसलीच नाही. सगळे करारात लिहिलेले असते. खटकते ते इतकेच की अठरा माणसांच्या त्या कार्यालयाने तांत्रिक तुलना एकदाही केली नाही, तरी पुढल्या दहा वर्षांचे अनेक निर्णय त्या दिवशी झाले.

सॉफ्टवेअरला वेगळा परवाना आणि वेगळी किंमत असावी, ही कल्पना तशी जुनी नाही. संगणकाच्या पहिल्या पिढीत प्रोग्राम यंत्राबरोबर येत. आयबीएमने २३ जून १९६९ रोजी सॉफ्टवेअर आणि सेवा यंत्रापासून वेगळ्या करून त्यांची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला. भारतात हे वारे पोहोचायच्या आत आयबीएमच १९७८ मध्ये देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली, जिचे संशोधन केंद्र पुढे सिकंदराबादला उभे राहिले.

दुसरीकडे अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने युनिक्स विद्यापीठांना स्वस्तात, मूळ कोडसह दिली. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी ती इतकी सुधारली की तिची वेगळी जात झाली, बीएसडी. बर्कलीचा परवाना आखूड होता: आमचे नाव ठेवा, आमच्यावर दावा लावू नका, बाकी हवे ते करा. एटी अँड टीच्या उपकंपनीने १९९२ मध्ये दावा लावलाच. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फाइलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. पण ती मधली दोन वर्षे बीएसडी बसवायला लोक कचरत होते, आणि नेमक्या त्याच काळात फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेले लिनक्स वाढत होते. लिनस टोरवाल्ड्सने १९९२ च्या सुरुवातीला ते जीपीएलखाली आणले होते. आज जगातल्या सर्व्हरखोल्यांत लिनक्स का आहे, याच्या उत्तरात तांत्रिक गुणांइतकाच त्या दाव्याचाही वाटा आहे असे मी मानतो.

जीपीएल हे रिचर्ड स्टॉलमन यांचे अपत्य. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये दुसरी, २००७ मध्ये तिसरी. कॉपीराइटचा कायदा वापरूनच कॉपीराइटची नाकेबंदी करायची, ही त्यातली हुशारी. सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका; पण दुसऱ्याला द्याल तेव्हा मूळ कोड आणि हेच हक्क त्यालाही द्या. याविषयी आपल्या बाजारात एक भीती अजून फिरते, की लिनक्स वापरले तर आपला सगळा कोड उघडा करावा लागतो. तसे नाही. जीपीएलचे बंधन सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती देताना लागू होते; आपल्या कार्यालयात, आपल्या सर्व्हरवर कितीही बदलून वापरा, कोणी विचारत नाही. याच फटीतून मोठ्या कंपन्यांनी जीपीएलचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून त्याची सेवा विकायला सुरुवात केली, तेव्हा ती फट बुजवणारा ग्नूचा एजीपीएल २००७ च्या नोव्हेंबरात आला. त्यात जाळ्यावरून वापरणाऱ्यालाही कोड मागता येतो.

तर एका बाजूला जीपीएलचे घराणे, दुसऱ्या बाजूला बीएसडी, एमआयटी, अपाचे यांचे सैल परवाने, आणि पलीकडे बंदिस्त व्यापारी करार. हा नकाशा बहुतेक पुस्तकांत सापडतो. त्या नकाशामुळे सर्व्हर बसवणाऱ्याच्या हातून प्रत्यक्ष काय घडले, ते क्वचितच लिहिले जाते.

क्यूमेलचे उदाहरण पाहा. डॅनियल बर्नस्टाइन यांनी नव्वदीच्या दशकात लिहिलेला हा मेल सर्व्हर अतिशय काटेकोर होता. सुरक्षेतली चूक दाखवून द्या आणि ५०० डॉलर घ्या, असे त्यांचे आव्हान होते. कोड सगळ्यांना खुला. पण बदललेली प्रत वाटायची मुभा नव्हती. बदल हवा तर मूळ कोड जसाच्या तसा आणि आपला बदल वेगळ्या पॅच-फाइलीत, असे द्यायचे. परिणाम असा की डेबियन या लिनक्स-वितरणाला तयार पॅकेज देताच येईना. त्यांनी नॉन-फ्री विभागात नुसता कोड ठेवला; तो उतरवायचा, आपल्याच यंत्रावर बांधायचा आणि मग बसवायचा. ज्याला क्यूमेलमध्ये थोडी जास्त सोय हवी तो जगभरातून पॅच गोळा करी, ते कोणत्या क्रमाने लावायचे याच्या वह्या ठेवी, आणि एक पॅच दुसऱ्याशी भांडला की रात्र त्यात जाई. शेजारी पोस्टफिक्स आणि एक्झिम होते. परवाना साधा, एका आज्ञेत बसणारे, दुरुस्त्या आपोआप. २००७ च्या नोव्हेंबरात बर्नस्टाइन यांनी क्यूमेल सार्वजनिक मालकीचे करून टाकले. तोवर बहुतेकांनी आपले मेल दुसरीकडे हलवले होते.

याच्या उलट गोष्ट एसएसएचची. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातले तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिले आणि वाटले. मग कंपनी काढली आणि पुढच्या आवृत्त्यांचे परवाने आवळत गेले. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या, सैल परवान्याच्या १.२.१२ या आवृत्तीतून निघालेल्या कोडवर काम केले आणि डिसेंबरात ओपनबीएसडी २.६ बरोबर ओपनएसएसएच दिले. आज अमीरपेठेतला मुलगा पहिल्या दिवशी ज्या आज्ञेने दूरच्या सर्व्हरवर जायला शिकतो, तिच्यामागे हेच ओपनएसएसएच असते. एकदा दिलेली मुभा जुन्या प्रतीपुरती परत घेता येत नाही, हा या सगळ्या क्षेत्राचा पाया आहे. ओपनएसएसएचसारखा त्याचा दुसरा उपयोग मला माहीत नाही.

झेडएफएस ही फाइलप्रणाली तर अजून दोन घरांत दोन तऱ्हेने नांदते आहे. सन या कंपनीने ती सीडीडीएल परवान्याखाली खुली केली. लिनक्सचा गाभा जीपीएलखाली. दोन्ही परवाने खुले, पण एकमेकांत मिसळायला राजी नाहीत. उबुंटूने २०१६ पासून झेडएफएस तयार बांधून द्यायला सुरुवात केली. डेबियनने तसे नको म्हटले. तिथे कोड उतरतो आणि तुमच्याच यंत्रावर बांधला जातो. म्हणजे गाभ्याची नवी आवृत्ती आली की पुन्हा बांधणे आले, आणि ते फसले तर सकाळी सगळ्या चकत्या जागेवर असून फाइली दिसत नाहीत. एका मतभेदाचा इतका रोकडा परिणाम कोणत्या कायद्याच्या पुस्तकात वाचायला मिळणार?

डेबियनचे नाव वारंवार येते आहे ते मुद्दाम. १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात या स्वयंसेवकांनी कोणते सॉफ्टवेअर मुक्त म्हणायचे याचे निकष लिहिले, आणि पुढच्याच वर्षी ओपन सोर्सची व्याख्या त्यांवरूनच घडली. भांडाराचे मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री असे विभाग आहेत ते परवान्यावरून पडलेले. प्रत्येक पॅकेजबरोबर कॉपीराइट नावाची एक साधी मजकूर-फाइल यंत्रावर उतरतेच. ती उघडून पाहणारे फार थोडे. ग्रंथालयासाठी कोहा बसवताना पाहा. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयाने करून घेतलेली आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालेली ही प्रणाली आपल्याकडेही अनेक ग्रंथालयांत आहे. कोहाच्या समुदायाचे भांडार जोडले की कोहा येते, तिच्याबरोबर अपाचे, मारियाडीबी, पर्ल आणि शोधासाठी झेब्रा. पाच-सहा परवाने, एकही सही नाही. झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हवे असे ठरवले, की डेबियनच्या भांडारात ते नाही. कंपनीच्या दारात जावे लागते. त्या क्षणी ग्रंथपाल नकळत एका मोठ्या भांडणात पाऊल टाकतो.

ते भांडण म्हणजेच हे पुस्तक आत्ता निघण्याचे कारण. २०१८ च्या ऑक्टोबरात मोंगोडीबीने एजीपीएल सोडून एसएसपीएल हा स्वतःचा परवाना घेतला. सॉफ्टवेअरची सेवा विकाल तर त्या सेवेभोवतीचे सगळे, बॅकअप, देखरेख, व्यवस्थापन, यांचाही कोड उघडा करा, अशी त्याची मागणी. फेडोराने तो मुक्त नाही असे ठरवले, डेबियनने मोंगोडीबी काढले, रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीत ते आलेच नाही. २०२१ च्या जानेवारीत इलॅस्टिकने अपाचे परवाना सोडला. अॅमेझॉनने जुना कोड घेऊन ओपनसर्च काढले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्म बीएसएल या बंधने घालणाऱ्या परवान्याखाली नेले. त्यातून ओपनटोफू निघाले. २०२४ च्या मार्चमध्ये रेडिसने बीएसडी सोडला आणि महिना संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हाल्की उभे राहिले. त्याच वर्षीच्या फेडोरा ४१ मध्ये रेडिसच्या जागी व्हाल्की बसले. गंमत म्हणजे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलच्या रूपाने मुक्त पर्याय परत दिला. फाटे मात्र राहिले.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. आपण लिहायचे आणि मेघसेवा विकणाऱ्या धेंडांनी त्यावर कमवायचे, हे कोणालाही लागते. पण बरकतपुऱ्यातल्या माणसाचा या धेंडांशी काय संबंध? त्याचा सर्व्हर आहे तसाच चालतो आहे. फक्त पुढची दुरुस्ती कुठून घ्यायची, नाव बदललेले पॅकेज जुन्याशी जुळते का, ग्राहकाला बसवून दिलेली प्रणाली ही सेवा म्हणायची की नाही, हे प्रश्न त्याच्या पुढ्यात येऊन पडतात.

या सगळ्या प्रकरणांत एक सूत्र आहे, आणि मला विचाराल तर ते परवान्याच्या नावापेक्षा महत्त्वाचे. ज्या सॉफ्टवेअरवर एका कंपनीचा हक्क एकवटलेला होता, किंवा हातभार लावणाऱ्या प्रत्येकाकडून तिने हक्क लिहून घेतले होते, त्याचा परवाना ती एका सकाळी बदलू शकली. रेडिसचा परवाना तर मुळात इतका सैल की बदलायला तेवढेही लागले नाही. लिनक्सच्या गाभ्याचे हक्क हजारो लोकांकडे विखुरलेले आहेत; त्या सगळ्यांना गाठून परवाना बदलणे कोणाच्या आवाक्यातले नाही. पोस्टग्रेसक्यूएलचा परवाना तर अगदी सैल, पण प्रकल्प कोणा एका कंपनीच्या हाती नाही, म्हणून ते स्थिर. मायएसक्यूएल जीपीएलखाली होते, तरी २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. तिथे काय होईल या धास्तीने मूळ लेखकाने आधीच मारियाडीबी वेगळे काढले होते. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना आजचा परवाना वाचाच, पण तो उद्या बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी विचारा.

परवान्याचा शब्दही न बदलता पायाखालची जमीन सरकू शकते, हे सेंटओएस या रेड हॅटच्या फुकट अवताराने दाखवले. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार, या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ३१ डिसेंबर २०२१ ला खेळ संपला. जीपीएल जिथल्या तिथे होता. तो कोड मिळण्याची हमी देतो, कोणी फुकटात दहा वर्षे राबेल याची देत नाही. रॉकी आणि अल्मा ही दोन नवी घरे त्यातून उभी राहिली. पैसे मोजणाऱ्यांनाही सुख नाही. ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर घेतले आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणी लावली. ओरॅकलच्या जावाची वर्गणी २०२३ च्या जानेवारीपासून कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर मोजली जाते. जावा कोणी चालवो न चालवो, शिपायापासून सगळे मोजणीत. ओपनजेडीके बसवले की हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उरत नाही, पण ते बसवता येते हे कोणी सांगायला हवे ना!

आपल्या देशात या विषयाला आणखी एक पदर आहे. क्रॅक. त्याविषयी पुस्तकांतून शिष्टपणे गप्प बसण्याची रीत आहे. पोटमाळ्यावरच्या कितीतरी डब्यांत चोरीचे विंडोज सर्व्हर आहे, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब नुसत्या वापरालाही लागू होते. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तरच कैद टळू शकते. पण माझी हरकत कायद्याआधी सुरू होते. क्रॅक चालावा म्हणून बरेचदा आधी अपडेट बंद केले जातात आणि विषाणूरोधकाला गप्प बसवले जाते. लोकांच्या पगाराचे, आधारचे, रक्ताच्या अहवालांचे आकडे अशा दाराआड ठेवणे हा बेजबाबदारपणा आहे, मग पकडले जाण्याची शक्यता कितीही कमी असो.

सरकारने मुक्त स्रोताकडे वळावे, असे धोरण केंद्राने २७ मार्च २०१५ रोजी जाहीर केले: ई-प्रशासनाच्या प्रकल्पांत मुक्त स्रोताला प्राधान्य, आणि बंदिस्त घ्यायचे तर कारण द्या. हैदराबादेत २००५ पासून स्वेच्छा ही चळवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून तेलुगूत मुक्त सॉफ्टवेअर नेते आहे. मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली ठेवले आणि त्याच्या बुडाशी असलेली चौकट एमआयटी परवान्याखाली; त्यामुळे चौकटीवर स्वतःचे बंद सॉफ्टवेअर बांधता येते, ईआरपीनेक्स्टचा सुधारलेला अवतार विकायचा तर मात्र ग्राहकाला कोड द्यावा लागतो. आपल्याच घरातले इतके शिकवण्याजोगे उदाहरण असताना आपण अमेरिकेकडे पाहत बसतो.

या पुस्तकाच्या लेखकांनी कायद्याचे पुस्तक लिहिलेले नाही, आणि लिनक्सचे मार्गदर्शकही नाही. मेल, डेटाबेस, फाइली, जाळ्यावरची प्रणाली अशा एकेका कामापुढे ते उभे राहतात आणि बसवणाऱ्याच्या बाजूने विचारतात: पर्याय कोणते, त्यांचे परवाने काय करू देतात, पॅकेज कुठून येईल, बाहेर पडायची वाट कोणती. लेखक मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचे आहेत आणि ते लपवत नाहीत. माझे त्यांच्याशी एका बाबतीत जमत नाही. वीस माणसांच्या कार्यालयात सगळे एकदम मुक्त करण्याचा आग्रह मला अव्यवहारी वाटतो. जिथे हिशोबनिसाचा हात टॅलीवरच बसलेला आहे तिथे टॅलीचा परवाना रीतसर घ्यावा आणि फाइली, मेल, बॅकअप आधी हलवावेत. वाचक दोन्ही बाजू वाचून आपले ठरवतील.

मराठीत या विषयावर वाचायला फार थोडे आहे. इथे परवान्यांचे मूळ मजकूर नुसते छापून टाकलेले नाहीत. त्यांचा अर्थ सरळ भाषेत सांगून, कुठे शंका घ्यायची तेही सांगितले आहे. मोठा करार असेल, ग्राहकाला सॉफ्टवेअर विकायचे असेल, तर वकिलाकडे जावेच लागेल. पण काय विचारायला जायचे हे तरी माहीत असेल.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक हातावेगळे करण्याआधी एक वही घ्या, आणि आपल्या देखरेखीखालच्या प्रत्येक सर्व्हरवर काय बसले आहे, कोणत्या परवान्याखाली, कोणाच्या भांडारातून, दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत आणि हक्क कोणाच्या हाती, एवढे उतरवून काढा. जिथे रकाना भरता येणार नाही, ते प्रकरण आधी वाचा.

बरकतपुरा, हैदराबाद